एकच आकडा पाठ करा

शाळेच्या तांत्रिक विभागातून बाहेर पडलेल्या कुणालाही झोपेतून उठवून विचारा, एक इंच म्हणजे किती? '२५.४ मिलिमीटर' हेच उत्तर येईल, आणि पाठोपाठ 'बरोब्बर' हा शब्दही. तो 'बरोब्बर' आमच्या वर्कशॉपच्या सरांचा. सुवर्णमहोत्सवाच्या अंकासाठी लिहायला सांगितले तेव्हा स्नेहसंमेलने, सहली, क्रीडांगण असे पुष्कळ डोळ्यांसमोर आले. पण ज्याच्यावर माझे पोट आजवर चालले, त्याबद्दलच लिहावे असे वाटले.

पुस्तकाच्या शेवटी मापांचे कोष्टक असायचे. १ मीटर म्हणजे ३.२८ फूट, १ मैल म्हणजे १.६१ किलोमीटर, असे बरेच काही. सर ते पाठ करू देत नसत. त्यांनी आम्हाला कंपासपेटीतली पट्टी काढायला लावली. एका कडेला सेंटिमीटर, दुसऱ्या कडेला इंच. '३० ची रेघ आणि १२ ची रेघ समोरासमोर येतात का ते बघा.' येत नव्हत्या. बाराची रेघ जवळजवळ पाच बारीक घरे पुढे होती. मग त्यांनी फळ्यावर ३०४.८ मिलिमीटर लिहिले आणि बाराने भागायला सांगितले. २५.४ आले, बाकी शून्य. 'एवढा एकच आकडा पाठ करा. फूट, यार्ड, मैल, गुंठा, एकर, सगळे त्यातून काढायचे.'

तो बरोब्बर कसा, हेही त्यांनी सांगितले होते. पूर्वी अमेरिकेचा इंच ब्रिटनच्या इंचापेक्षा किंचित मोठा होता. फरक केसाहूनही कितीतरी बारीक, पण अचूक यंत्रकामाला तोही नडायचा. मग इंच वापरणाऱ्या सहा देशांनी मिळून यार्ड, म्हणजे ३६ इंच, ०.९१४४ मीटर ठरवला आणि १ जुलै १९५९ पासून इंच २५.४ वर पक्का झाला. आपल्याकडे मेट्रिक मापांचा कायदा १९५६ चा, अंमल ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्याने. म्हणजे आपण इंच सोडायला निघालो आणि त्याच सुमारास इंचाचे माप मीटरवर बांधले गेले. मला हा योग फार विलक्षण वाटतो.

३.२८ वर सरांचा राग का होता, ते हिशेब केल्यावर कळते. १०० मीटरचे ३२८ फूट केले की जवळजवळ एक इंच हरवतो, किलोमीटरला दहा. 'आकडा शेवटी तोडा, मध्ये तोडू नका,' हे वाक्य मी माझ्या वर्कशॉपमध्ये येणाऱ्या प्रत्येक पोराला ऐकवतो.

आमच्या धंद्यात या आकड्याला शरीर आहे. जुन्या इंची लेथचा लीडस्क्रू (कापायचे हत्यार पुढे सरकवणारा लांब स्क्रू) इंचाला चार आट्यांचा, म्हणजे एक आटा ६.३५ मिलिमीटरचा. त्याच्यावर दीड मिलिमीटर पिचचे, म्हणजे दोन आट्यांत तेवढे अंतर असलेले, आटे पाडायचे तर १.५ ला ६.३५ ने भागायचे. उत्तर येते ३० छेद १२७. म्हणून ३० दात्यांच्या चाकाने १२७ दात्यांचे चाक फिरवायचे. १२७ ही मूळ संख्या, तिचे अवयव पडत नाहीत, त्यामुळे लहान चाकांच्या जोड्या लावून तिच्यातून सुटका नाही. २५.४ ची पाचपट म्हणजे १२७! शाळेच्या लेथच्या कपाटात ते मोठे, काळपट, तेलकट चाक खिळ्याला टांगलेले असे. सरांनी ते खाली काढून आम्हाला दाते मोजायला लावले होते. खडूने पहिल्या दात्यावर खूण करून आम्ही मोजत गेलो आणि १२७ वर खूण परत आली, तेव्हा कोष्टकातला आकडा हातात धरता येतो हे मला कळले.

शेतीतही हेच. आपल्याकडे बोलताना गुंठा, सातबारावर हेक्टर-आर. गुंठा म्हणजे ३३ फूट गुणिले ३३ फूट, १०८९ चौरस फूट. ३३ फूट म्हणजे १०.०५८४ मीटर, त्याचा वर्ग केला की १०१.१७ चौरस मीटर. आर मात्र सरळ १०० चौरस मीटरचा. गावोगाव लोक 'गुंठा म्हणजेच आर' धरून चालतात. एका गुंठ्याला फरक जाणवत नाही, पण ४० गुंठ्यांचा एकर भरतो ४०.४७ आर. एकराचे ४० आर धरले तर सुमारे ५०० चौरस फूट जातात, म्हणजे दोन खोल्यांच्या घराची जागा. भावाभावांच्या वाटणीत हे आधी कागदावर मांडावे, असे मी कळकळीने सांगतो.

आणि कृष्णामाई. पावसाळ्यात सगळ्या सांगलीचे कान फुटांकडे लागलेले असतात. १९२९ च्या आयर्विन पुलाजवळ ४० फूट इशारा, ४५ फूट धोका. २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या वर गेले. वरच्या कोयना धरणाचा विसर्ग क्युसेकमध्ये (सेकंदाला इतके घनफूट), साठा टीएमसीत (एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट), खाली कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाची पातळी मीटरमध्ये. ४५ फूट म्हणजे १३.७१६ मीटर, हे पोरेसुद्धा काढतील. पण पुलाजवळचे फूट तिथल्या पट्टीवरचे आणि अलमट्टीचे ५१९.६० मीटर समुद्रसपाटीपासूनचे. नुसते माप बदलून या दोन आकड्यांची तुलना होत नाही, आधी शून्य कुठे आहे ते विचारावे लागते. सर प्रत्येक जॉबला हाच पहिला प्रश्न करत, 'कुठून मोजलंस?' पुराच्या दिवसांत मोबाइलवर येणारे आकडे वाचताना हा प्रश्न प्रत्येकाने विचारावा असे मला मनापासून वाटते. ११,५७४ क्युसेक दिवसभर सोडले की एक टीएमसी पाणी खाली येते, हा हिशेबही आता शाळेत शिकवायला हवा.

शाळेला एक विनंती आहे. प्रयोगशाळेच्या बाहेरच्या भिंतीवर मुलांच्या हाताला लागतील अशा दोन पितळी पट्ट्या शेजारी शेजारी बसवाव्यात, एक मीटरची आणि एक यार्डची. एका टोकाला समान, दुसऱ्या टोकाला ८५.६ मिलिमीटरचा फरक. पितळ माझे, काम माझे. जागा आणि उंची शाळेने कळवावी, पुढचे सत्र सुरू व्हायच्या आत बसवून देतो.