पेडियाट्रिक नेफ्रॉलॉजीची मॅच: माझा अनुभव

मी अमेरिकेत पेडियाट्रिक्स रेसिडेन्सीच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि या डिसेंबरमध्ये पेडियाट्रिक नेफ्रॉलॉजी (लहान मुलांचे किडनीचे आजार) फेलोशिपला, म्हणजे रेसिडेन्सीनंतरच्या सुपरस्पेशालिटी ट्रेनिंगला, मॅच झाले. मॅच म्हणजे उमेदवार आणि प्रोग्राम दोघेही आपापला पसंतीक्रम देतात आणि त्यावरून कम्प्युटर जागा ठरवतो. नेफ्रोच का, असं सगळे विचारतात, कारण इथे या ब्रँचला अर्ज कमी येतात आणि दरवर्षी बऱ्याच जागा रिकाम्या राहतात. मला ती ओढ इंटर्नशिपपासून आहे. आमच्या वॉर्डात नेफ्रोटिक सिंड्रोमचा (यात लघवीतून प्रोटीन जातं) चार वर्षांचा मुलगा होता, त्याची आई रोज सकाळी त्याची लघवी टेस्ट ट्यूबमध्ये तापवून किती पांढरी होते ते बघायची आणि वहीत लिहून ठेवायची, शाळा चौथीपर्यंतच झालेली पण आमच्या केसपेपरपेक्षा तिची वही नीट. अर्जासोबतच्या पर्सनल स्टेटमेंटमध्ये शेवटी मी तिच्याबद्दलच लिहिलं. पहिला ड्राफ्ट नुसता 'मला मुलांची आवड आहे' छापाचा होता, तो फेकून दिला ते बरं झालं.

अर्ज एरासवरून (अर्जाचं ऑनलाइन पोर्टल) जुलैत जातात, म्हणजे तिसरं वर्ष सुरू होतं तेव्हाच, त्यामुळे सगळी तयारी दुसऱ्या वर्षात. मॅचसाठी एनआरएमपीचं (मॅच चालवणारी संस्था) रजिस्ट्रेशन वेगळं करावं लागतं, हे विसरू नका. माझा खरा जीव गेला तो शिफारसपत्रांपायी, म्हणजे लेटर्सपायी. एका सीनियर डॉक्टरांनी मे महिन्यात हो म्हटलेलं, मी तीनदा आठवण केली, जुलै उजाडला तरी लेटर अपलोड नाही. खूप रडले त्या आठवड्यात. मग डायलिसिस युनिटच्या मॅडमना विचारलं, त्यांच्यासोबत मी जेमतेम चार आठवडे काम केलेलं, पण त्यांनी दोन दिवसांत दिलं आणि इंटरव्ह्यूत त्याच लेटरमधल्या गोष्टी मला विचारल्या गेल्या. म्हणून लेटर मोठ्या नावाकडे नको, तुमचं काम बघितलेल्या माणसाकडे मागा.

इंटरव्ह्यू नऊ झाले, सगळे व्हिडिओवर. रिसर्चचं सगळीकडे विचारतात, कारण फेलोशिप तीन वर्षांची आणि त्यातला मोठा भाग रिसर्चचा असतो.

रँक लिस्टला, म्हणजे प्रोग्राम्सचा पसंतीक्रम लावताना, मात्र मी अडले. नवरा जॉबला जिथे आहे तिथून तासाभरावर एक छोटा प्रोग्राम होता, आणि दुसरा विमानाने चार तास लांब, पण तिथे किडनी ट्रान्सप्लांट भरपूर. मन लांबच्याकडे, पण वाटायचं ते मला कशाला घेतील, वर टाकला आणि त्यांनी नाही घेतलं तर जवळचाही हातचा जाईल. एका सीनियर ताईने कागदावर मांडून दाखवलं की तसं होत नाही. सिस्टीम तुमच्या लिस्टपासून सुरू होते, पहिल्याने नाही घेतलं तर दुसऱ्याकडे जाते आणि तिथे तुमचा हक्क जराही कमी झालेला नसतो, तिथे कोणी आधी बसलं असेल पण प्रोग्रामने तुम्हाला त्याच्या वर ठेवलं असेल तर जागा तुम्हालाच. (ही पद्धत बसवणाऱ्या अल्विन रॉथना २०१२ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालंय, शॅप्लींसोबत.) तरी मी घुटमळत होते, तेव्हा नवराच म्हणाला, "तुला जे शिकायचंय ते वर टाक, बाकी बघू आपण."

निकाल ईस्टर्न वेळेने दुपारी १२ ला लागला, सांगलीत रात्रीचे साडेदहा, आई जागीच होती. लांबचा नाही मिळाला, दुसऱ्या नंबरचा, नवऱ्याजवळचा मिळाला. वाईट वाटलं का? तासभर वाटलं, खोटं कशाला बोलू, आणि मग नवऱ्याचा आवाज ऐकून सगळं विरलं.

आता जे-१ व्हिसाचं (ट्रेनिंगसाठीचा व्हिसा) काम. त्यासाठी दिल्लीहून आरोग्य मंत्रालयाचं 'स्टेटमेंट ऑफ नीड' (देशाला या ब्रँचचे डॉक्टर हवेत असं पत्र) लागतं, रेसिडेन्सीचं जुनं चालत नाही, नेफ्रॉलॉजीसाठी नवीन काढावं लागतं. बाबा परवापासून त्याच कागदपत्रांच्या मागे आहेत, काल नोटरी भेटले नाहीत, उद्या परत जाणार आहेत.