नाताळच्या ताटातून निघालेलं दुकान : आमची वाटचाल

आमच्याकडे वसईत नाताळला ताटं जातात. २३-२४ डिसेंबरला घराघरातून शेजारी, नातेवाईक, आळीतली हिंदू घरं, पपांच्या कंपनीतले जुने लोक, सगळ्यांकडे एकेक ताट पोचवायचं, त्यात कुलकुल, करंज्या, मिल्क क्रीम (दुधाची मिठाई), खजुराचे रोल, केकचे दोन तुकडे आणि वर क्रोशाचा रुमाल. आणि ताट रिकामं परत येत नाही, त्या घरचं काहीतरी त्यात पडूनच येतं. हे आधी सांगितलं कारण आमचं चॉकलेटचं दुकान या ताटातूनच निघालंय, बँकेचं लोन आणि मोठा प्लॅन वगैरे काही नव्हतं.

१९९८ च्या नाताळाआधी चर्चमध्ये बायकांसाठी एक दिवसाचा चॉकलेट बनवायचा क्लास होता. काकीला एकटीला जायचं नव्हतं म्हणून मम्मी सोबत गेली. येताना दोन प्लॅस्टिकचे मोल्ड घेऊन आली, एक घंटेचा आणि एक चांदणीचा, आणि एक किलोची कंपाउंडची, म्हणजे कोको बटरऐवजी दुसरं फॅट घातलेल्या चॉकलेटची लादी. मी तेव्हा पाचवीत होते. आजीच्या भाताच्या टोपात पाणी उकळायला ठेवलं, वर स्टीलचं भांडं, त्यात किसलेलं चॉकलेट, आणि धूळ पडू नये म्हणून मम्मीने वर झाकण ठेवलं. झाकणाला वाफ धरली, तिचे दोन-चार थेंब आत पडले आणि बघता बघता अख्खं चॉकलेट मातीच्या ढेकळासारखं घट्ट झालं, चमचा फिरेना. तेव्हा कोणाला माहीत नव्हतं की वितळलेल्या चॉकलेटला पाण्याचा थेंबसुद्धा चालत नाही, आतली साखर ते पाणी धरते आणि गोळा होतो. आजी म्हणाली फेकू नको, गरम दूध घाल. घातलं, तर मस्त पातळ झालं, आम्ही सगळ्या पोरांनी पेल्यातून प्यालो. उरलेल्या पाव किलोच्या घंटा झाल्या, त्या वर्षी प्रत्येक ताटात दोन-दोनच गेल्या.

जानेवारीत समोरच्या काकू (त्यांचं ताट दरवर्षी जायचंच) विचारायला आल्या की मुलाच्या वाढदिवसाला पन्नास करून देशील का, पैसे घ्यायचे हं. मम्मीला पैसे घ्यायची लाज वाटत होती, आजीने मध्ये पडून भाव ठरवला. ही आमची पहिली ऑर्डर.

त्यानंतरची दहा-बारा वर्षं सगळं घरातल्या किचनमध्येच चाललं. आमच्या समाजात वर्षभर काही ना काही असतंच, फर्स्ट कम्युनियन (मुलांचा चर्चमधला एक विधी), ईस्टरची मार्झिपॅनची (काजू-साखर मळून केलेली) अंडी, एप्रिल-मे आणि डिसेंबर-जानेवारीतली लग्नं, त्यात रिटर्न गिफ्टला चॉकलेटची पुरचुंडी द्यायची पद्धत पडली. मग राखीपौर्णिमा आणि दिवाळी, म्हणजे हिंदू घरांच्या आणि ऑफिसच्या ऑर्डरी. पपा अंधेरीला कामाला होते. शनिवारी हाफ डे सुटला की मरीन लाइन्सला उतरून चालत क्रॉफर्ड मार्केट गाठायचे, तिथून मोल्ड, रंगीत चांदीचे कागद, खोके, एसेन्स, मग मस्जिद बंदरला काजू-बदाम, आणि परत चर्चगेटला जाऊन विरार लोकल पकडायची कारण मधे चढायला मिळणार नाही. दहा किलो लाद्यांची पिशवी रॅकवर ठेवून वसईपर्यंत तिच्यावर डोळा ठेवून बसायचे. रिटायर होईपर्यंत त्यांनी हे केलं आणि एकदाही म्हणाले नाहीत की आता बस झालं.

आजीचा एक नियम होता, तो आजही भिंतीवर न लिहिता पाळला जातो. जे आपल्या ताटात घालून शेजारी पाठवणार नाही ते विकायचं नाही. तुटलेली घंटा, पांढरे डाग पडलेला तुकडा, काजू खवट लागला तर अख्खा घाणा, सगळं बाजूला. मम्मी म्हणायची अहो आई नुकसान होतं, आजी म्हणायची ताट परत येतंय ना, मग झालं.

दुकान झालं २०१२ ला. त्याच्या आदल्या वर्षी ऑगस्टमध्ये एफएसएसएआयचे (सरकारच्या अन्नसुरक्षा संस्थेचे) नियम लागू झाले, आणि घरून खाण्याच्या वस्तू विकणाऱ्यालाही रजिस्ट्रेशन घ्यावं लागणार हे कळलं. बऱ्याच ओळखीच्या बायकांनी त्या धास्तीने काम बंद केलं. मला वाटतं तिथे घाबरायला नको होतं, वर्षाला १२ लाखांपर्यंत धंदा असेल तर साधं रजिस्ट्रेशन होतं, फी १०० रुपये, पण समजावून सांगणारं कोणी नव्हतं. मी तेव्हा बीएस्सी करून एका लॅबमध्ये नोकरीला होते, मला फॉर्मची भीती नव्हती, मी भरला. आणि रजिस्ट्रेशन घेतलंच आहे तर एक गाळा बघू म्हणून १२० स्क्वेअर फुटांचा गाळा भाड्याने घेतला, पुढे काउंटर, मागे ओटा आणि एक एसी. फादरनी येऊन आशीर्वाद दिला, पहिलं गिऱ्हाईक कोण तर समोरच्या त्याच काकू, आता मुलाच्या साखरपुड्याची ऑर्डर घेऊन. नोकरी मी अजून दोन वर्षं चालू ठेवली, मग सोडली.

आता जे सांगणार आहे ते मला सगळ्यात जवळचं आहे. तोपर्यंत आम्ही सगळं कंपाउंडमध्ये करत होतो. कंपाउंड म्हणजे कोको पावडर असते पण कोको बटर जवळजवळ नसतं, त्याच्या जागी वनस्पती तेलाचं फॅट. वितळवा, ओता, फ्रीजमध्ये ठेवा, काढा, कोणालाही जमतं, आणि आपल्या गरमीत टिकतं पण बरं. पण खाल्ल्यावर टाळूला एक मेणचट थर राहतो. एकदा एका लग्नाच्या ऑर्डरसाठी मी कुवर्चर आणलं, म्हणजे खऱ्या कोको बटरचं, आणि आजीला एक तुकडा दिला. ती तेव्हा ८३ वर्षांची. तोंडात ठेवून डोळे मिटून बसली आणि म्हणाली, हे विरघळलं गं, बाकीचं चघळावं लागायचं. कोको बटर साधारण ३४ डिग्रीला वितळतं, शरीराच्या तापमानाच्या जरासं खाली, म्हणून तसं होतं. तिला हे आकडे माहीत नव्हते तरी तिने नेमकं तेच सांगितलं.

पण कुवर्चर ऐकत नाही. कोको बटर सहा प्रकारे गोठू शकतं, त्यातला पाचवा प्रकारच हवा, त्यालाच चमक असते आणि तोच मोडताना कट्ट आवाज करतो. त्यासाठी टेम्परिंग करायचं. डार्क असेल तर आधी ४५ ते ५० डिग्रीपर्यंत वितळवायचं, मग हलवत हलवत २७-२८ पर्यंत खाली आणायचं, मग पुन्हा हळूच ३१-३२ वर. दोन डिग्री इकडे तिकडे झालं की दुसऱ्या दिवशी सगळ्यावर राखाडी पट्टे. लादीवाल्याकडून मार्बलचा तुकडा आणला, डिजिटल थर्मामीटर आणला, आणि तीन आठवडे रोज दुपारी मी आणि मम्मी तेवढंच करत होतो. मार्बलवर चॉकलेट ओतायचं, पत्र्याने पसरायचं, गोळा करायचं, पुन्हा पसरायचं. सुरीच्या टोकावर थोडं घेऊन बाजूला ठेवायचं, पाच मिनिटांत चकचकीत सुकलं तर जमलं. आमचं सुकायचंच नाही, चिकट राहायचं. शेवटी एक दिवस मम्मीने थर्मामीटर बाजूला ठेवला, खालच्या ओठाखाली चमच्याने थोडं लावून बघितलं आणि म्हणाली आत्ता ओत, थंड लागतंय. ती घंटा मोल्डमधून आपली आपण सुटून पडली, आरशासारखी. मी अजूनही थर्मामीटरने करते, मम्मी अजूनही ओठाने, आणि दोघींचं सारखंच निघतं.

मग पावसाळा. वसईत जून ते सप्टेंबर हवेत एवढं पाणी असतं की फ्रीजमधून काढलेल्या चॉकलेटवर लगेच दव धरतं, ते साखर विरघळवतं, सुकलं की वर खरखरीत पांढरं. आम्ही फ्रीजचा नाद सोडला आणि मागची खोली बंद करून एसी २० वर आणि एक डीह्युमिडिफायर (हवेतला ओलावा ओढणारं यंत्र) लावला. वीजबिल बघून पपा एक आठवडा गप्प होते. पण माल परत येणं थांबलं.

जुलै २०१८ चा पाऊस वसईकर विसरणार नाहीत. ९-१० तारखेला सगळीकडे पाणी, लोकल बंद, लाइट गेली. आमच्या गाळ्यात गुडघ्याच्या खाली होतं पण खोके जमिनीवर रचलेले, राखीसाठी आणलेलं सगळं पॅकिंग भिजून लगदा झालं. चॉकलेट उंच फळीवर होतं, लाइट नसल्यामुळे मऊ पडलं, पुन्हा वितळवून टेम्पर करून वापरता आलं. चॉकलेटची ही एक गोष्ट फार चांगली आहे, पाणी लागलं नसेल तर ते परत उभं राहतं. तेव्हापासून आमच्याकडे काहीही जमिनीपासून दोन फुटांच्या खाली ठेवत नाही.

२०२० ला ईस्टर १२ एप्रिलला होता. लॉकडाउन लागला तेव्हा मार्झिपॅनची ६०० अंडी तयार होती, काजूचं मार्झिपॅन, म्हणजे महाग माल. चर्च बंद, मिस्सा (चर्चमधली प्रार्थना) टीव्हीवर. पपा आणि माझा भाऊ मास्क लावून गावातल्या गावात स्कूटरवर घरोघरी देऊन आले, ज्यांनी बुक केली होती त्यांना तर दिलीच, उरलेली ज्या घरी म्हातारी माणसं एकटी होती त्यांच्या गेटला पिशवी अडकवून आले. पैसे नंतर बरेच जणांनी आणून दिले, ज्यांना तशीच दिली होती त्यांनीही दिले.

सुकेळीचं चॉकलेट हे आमचं स्वतःचं, आणि मला त्याचा फार अभिमान आहे. बाहेरच्यांसाठी सांगते, सुकेळी म्हणजे आमच्याकडची राजेळी केळी पिकवून, सोलून उन्हात वाळवतात आणि केळीच्या सुक्या पानात बांधून विकतात, आगाशी-नंदाखालकडची प्रसिद्ध. मधासारखी गोड, चामट. ती डार्कमध्ये बुडवावी असं भावाच्या डोक्यात आलं. पहिल्या खेपेला दोन दिवसांत कवच तडकलं, कारण सुकेळी आतून ओलावा सोडते. मग अंगठ्याएवढे तुकडे करून रात्रभर पंख्याखाली उघडे ठेवायचे, आधी एक पातळ हात द्यायचा, तो सुकला की दुसरा. ७० टक्के डार्कच लागतं, मिल्कमध्ये गोडावर गोड होतं. आज नाताळच्या डब्यात सगळ्यात आधी तेच संपतं. पण राजेळीच्या बागा कमी होत चालल्यात, जमिनीला इमारतींचा भाव आहे, त्यामुळे ज्या दोन घरांकडून आम्ही सुकेळी घेतो त्यांना हंगामाआधीच पैसे देतो आणि भाव करत नाही. करूच नये असं माझं मत आहे, आठवडाभर उन्हात उलटंपालटं करून, पाऊस-किडे सांभाळून ते काम होतं.

कोकोचं सांगायलाच हवं. २०२४ मध्ये घाना आणि आयव्हरी कोस्टला पीक बुडालं, पाऊस आणि झाडांचा रोग, आणि जगाचा निम्म्याहून जास्त कोको तिथूनच येतो. जो भाव वर्षानुवर्षं टनाला दोन-तीन हजार डॉलरच्या आसपास असायचा तो १०,००० च्या वर गेला, डिसेंबरात १२,००० च्याही वर. आमच्या लाद्यांचा भाव दोन महिन्यांत तीनदा बदलला. सगळे म्हणाले परत कंपाउंडवर जा, गिऱ्हाईकाला कळत नाही. आम्ही घरात बसून बोललो, आजी आता नाही, पण तिचं ताट मधे होतंच. कुवर्चर ठेवलं, नऊ तुकड्यांचा डबा सहाचा केला, भाव वाढवला आणि का वाढवला ते काउंटरवर मराठीत लिहून लावलं. कंपाउंडचे लहान मुलांचे लॉलीपॉप अजून करतो, पण त्या ट्रेवर कंपाउंड असं लिहिलेलं असतं. गिऱ्हाईक थोडं तुटलं, बरंचसं राहिलं. जीएसटीचा आम्हाला फायदा झाला हे मान्य करते, २०१७ ला चॉकलेट २८ टक्क्यांत होतं, त्याच नोव्हेंबरात १८ झालं, आणि सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के. दिवाळीच्या महिनाभर आधी झालं, आम्ही रात्री बसून प्रत्येक डब्यावर नवीन भावाचं स्टिकर लावलं.

आज गाळे दोन आहेत, कामाला आमच्याशिवाय पाच बायका, सगळ्या आसपासच्या, आणि डिसेंबरमध्ये कॉलेजच्या मुली येतात. मम्मी ६८ ची आहे, मार्झिपॅन अजून तीच मळते, दुसऱ्या कोणाच्या हाताचं तिला पटत नाही.

२४ डिसेंबरला दुकान दुपारी दोनला बंद, मग कितीही मोठं गिऱ्हाईक येवो. त्यानंतर घरची ताटं भरायची. आजीचे क्रोशाचे रुमाल धुऊन इस्त्री करून ठेवलेले असतात, त्यातले अकरा अजून धड आहेत. यंदा एकतीस ताटं गेली, तीस परत आली, कोणाकडून चकल्या, कोणाकडून केक, एकीकडून नुसती झाडाची चिकू. समोरच्या काकूंकडचं अजून यायचंय, ते दरवर्षी संक्रांतीलाच येतं, तिळाच्या वड्या घेऊन.