जास्वंद: देठावरचा फुगवटा अखेर बसला

मी हाताने बनवत असलेल्या तांबड्या जास्वंदीच्या हिरव्या वाटीखाली, देठावर येणारा तो फुगवटा आज गेला! देठ बोटांत फिरवून बघितला, सांधा हाताला लागत नाही. त्याच्यापायीच पानांचं काम थांबवलं होतं.

अडचण सगळी तारांची. मधली 18 गेजची (गेजचा आकडा जितका मोठा तितकी तार बारीक) तार पुंकेसरांच्या नळीतून निघून तीच पुढे देठ होते, आणि तिला पाच पाकळ्यांच्या 26 गेजच्या तारा येऊन मिळतात. त्या एका रेषेत कापल्या की तिथे पायरी पडते. देठाला गुंडाळायची हिरवी टेप पायरीवर आली की घसरते, सुटते. ती झाकायला आणखी थर दिले तर देठ जाडजूड होतो. मग फूल कितीही सुबक असो, जास्वंद वाटत नाही.

आता पाचही तारा वेगवेगळ्या लांबीवर तिरक्या कापल्या. पहिली वाटीच्या लगेच खाली संपते, पुढची थोडी खाली, असं करत टोक केलेल्या पेन्सिलीसारखा उतार मिळाला. दुसरं म्हणजे 12 मिमीची टेप मधोमध उभी चिरून अर्धी केली. अर्धी टेप वळणावर चुण्या न पाडता बसते. ताणायची मात्र अगदी तुटेल-तुटेल इथपर्यंत. हा मेण लावलेला क्रेप कागद, ताणल्याशिवाय चिकटतच नाही. रंग जरा फिका पडला की समजायचं, जमलं. टेप तिरकी खाली ओढून धरायची आणि फिरवायचा तो देठ. शेवटी ऊबदार बोटांनी चोळलं की टोक दिसतसुद्धा नाही.

ऑनलाइन मागवलेलं एक रीळ सुकं निघालं, ताणलं की नुसतं फाटतं. टेप हाताळून, ताणून बघूनच घ्यावी या मतावर मी ठाम आहे. तार पुण्याच्या बोहरी आळीतली, सरळ आणि छान. टेपची कात्री वेगळी ठेवा, मेणाने पाती चिकट होतात. उन्हाळ्यात रीळ डब्यात, सावलीत.

पुढे गडद हिरव्या टेपवर पिवळसर खडूची पूड ब्रशने फिरवून मग पानं जोडायची, असं ठरवलं होतं. पण रंग बघायला ताजी जास्वंद समोर ठेवली आणि देठाच्या वरच्या भागात एक बारीक गाठ दिसली. फूल गळतं ते तिथूनच सुटून. म्हणजे सगळ्यात लांब तार नेमकी त्या गाठीपाशी संपवली आणि तिथे अर्ध्या टेपचा एकच जादा वेढा दिला, तर उरलासुरला उंचवटा लपवायलाच नको, तो हवाच आहे! वाटीखालच्या सहा-सात बारीक हिरव्या पट्ट्यांनी वरची कापलेली टोकंही झाकली जातील.

तेव्हा पानं पुन्हा लांबणीवर. आधी गाठीसह नवा देठ, आणि या खेपेला पाकळ्यांना 28 गेजची तार लावून बघते. पाकळीचा भार तिला पेलला, तर कळ्यांनाही तीच.