हातखंब्याचे वळण

कोल्हापूरहून गोव्याला जाताना रत्नागिरी वाटेवर लागत नाही, हे नकाशा पाहणारे कोणीही सांगेल. तरीही आम्ही आंबा घाट उतरलो, कारण तिथल्या वर्गमित्राने 'वाटेवरच तर आहे' असे पाच वर्षांत निदान पंचवीस वेळा फोनवर ऐकवले होते. हातखंब्याला महामार्ग सोडून आत वळताना गाडीत ठराव झाला, की दोन तास बसायचे, चहा घ्यायचा आणि निघायचे.

मित्राचे जांभ्या दगडाचे घर चांगले, पडवी ऐसपैस. पण समुद्र दिसेना. विचारले, तर 'तिकडे आहे की' म्हणून त्याने माडांच्या दिशेने हात केला. तो स्वतः वर्षभरात किनाऱ्यावर फिरकला नव्हता. मला हसू आले. पण पाहुणे आल्याशिवाय पन्हाळा आम्ही तरी कुठे चढतो?

आमच्या निमित्ताने मग तोही निघाला. मिरकरवाडा बंदरावर मासळी घेताना त्याने आम्हाला लांब उभे केले. 'तुमचे चेहरे पाहून भाव वाढेल' हे त्याचे कारण अपमानास्पद असले तरी खरे होते. संध्याकाळी थिबा पॉइंटवरून भाट्याची खाडी पाहिली. काजळी नदी तिथे इतक्या सावकाश समुद्राला मिळते, की नदी कुठे संपली हे ठरवता येत नाही. जवळच ब्रह्मदेशाच्या थिबा राजाचा राजवाडा आहे. इंग्रजांनी 1885 मध्ये पदच्युत केलेला हा राजा रत्नागिरीत नजरकैदेत राहिला, 1910 मध्ये त्याच्यासाठी हा वाडा बांधून झाला आणि 1916 मध्ये तो याच गावी वारला. आलेल्याला ठेवून घेण्याची या गावाची सवय जुनी, असे मी म्हणालो. त्या बिचाऱ्याला अर्थात कोणी विचारले नव्हते.

आम्हालाही कोणी विचारले नाही. घरी परतलो, तेव्हा काकूंनी अंथरुणे काढून ठेवली होती आणि बांगड्याचे तिखले चुलीवर होते. उकड्या तांदळाचा भात, वर सोलकढी, आणि जुन्या मास्तरांच्या नकला. दोन तासांचा ठराव कोणी मोडला हेही कळले नाही.

सकाळी लवकर निघायचे म्हणता म्हणता अकरा वाजले. महामार्गाकडे न जाता भाट्याच्या पुलावरून किनाऱ्याकिनाऱ्याने जा, असे मित्राने बजावले होते. काकूंनी 'दुपारी खा' म्हणून डब्यात बांधून दिलेली घावने पूर्णगडची खाडी येण्याआधीच संपली.