तंगडीवर लेझर : नोंद चौथी

कोंबडीच्या स्नायूच्या तंतूतून लेझर सोडायचा आणि तंतूवरच्या बारीक रेघांमुळे पडद्यावर पडणाऱ्या ठिपक्यांवरून त्या रेघांमधलं अंतर मोजायचं, हा खटाटोप. गेल्या खेपेला पडद्यावर नुसता लाल ढग दिसला. चूक माझीच. सकाळी कापलेली कोंबडी संध्याकाळी हातात घेतली, तोवर स्नायू ताठरून गेला होता. या वेळी चिकनवाल्याला आधीच सांगून ठेवलं, पंजे तोडू नका. ‘सूप करणार का?’ म्हणाला. हो म्हटलं, उगाच कशाला समजावत बसा!

घरी येताच एकाच कोंबडीच्या दोन्ही तंगड्या लाकडी पट्ट्यांना बांधल्या. एकीचा पंजा वर ओढून, म्हणजे पोटरी ताणलेली. दुसरीचा खाली, पोटरी सैल. कातडी चिरून दोन दिवस स्पिरिटमध्ये. मग सुईने तंतू सुटे करून ग्लिसरीनमध्ये, वर कव्हरस्लिप.

लेझर पॉइंटर ६५० नॅनोमीटरचा, पडदा १० सेंमीवर. आधी चंदेरी थर सोललेल्या सीडीवर ताडून पाहिलं. तिच्या रेघा १.६ मायक्रॉनवर असतात, ठिपका ४४-४५ मिमीवर पडायला हवा, पडला. मग तंतू. सैल पोटरीचा पट्टा मधल्या ठिपक्यापासून ३३ मिमीवर, ताणलेलीचा २६ वर. रेघा जितक्या लांब लांब, तितका ठिपका मध्याजवळ. हिशेब केला तर सार्कोमिअरची, म्हणजे तंतूत एकापुढे एक जोडलेल्या, आकुंचन पावणाऱ्या सूक्ष्म कप्प्यांची लांबी २.१ आणि २.६ मायक्रॉन. स्पिरिटमध्ये तंतू आक्रसतात, त्यामुळे आकडे खरे धरू नका, फरक धरा.

हा झाला मेलेल्या स्नायूचा ताण. जिवंत स्नायू एवढ्यावर थांबत नाही. १९७२ मध्ये संशोधक ताबारी आणि सहकाऱ्यांनी मांजरांच्या पोटरीतला सोलियस नावाचा स्नायू प्लास्टरमध्ये जखडून ठेवला. लांब स्थितीत ठेवलेल्या तंतूंत सार्कोमिअरची संख्या सुमारे २० टक्के वाढली, आखूड स्थितीत ४० टक्के घटली. प्लास्टर काढल्यावर चारेक आठवड्यांत संख्या पूर्ववत. म्हणजे पेशी ताण सोसत बसत नाही, टोकाशी, कंडरेजवळ, नवे सार्कोमिअर जोडते आणि प्रत्येकाची लांबी पुन्हा सोयीची करून घेते. वाढत्या पिल्लात हेच काम हाड करतं. ते लांबतं, स्नायू ओढला जातो, तंतूत भर पडते.

तर मग लहान आणि मोठ्या कोंबडीची पोटरी एकाच कोनात बांधली, तर लांबी वेगळी असूनही ठिपके जवळपास त्याच जागी पडायला हवेत. रविवारसाठी एक छोटी, एक मोठी सांगून आलोय. दोन्ही पंज्यांसकट. चिकनवाल्याने या वेळी काही विचारलं नाही.