गोल लाईनचा मोह

सिटीज स्कायलाईन्स हा शहर उभारायचा कॉम्प्युटर गेम खेळणाऱ्या कुणाचंही शहर उघडून बसचा नकाशा बघा, एक तरी लाईन अशी सापडतेच की जी डेपोच्या शेजारून निघते, गल्लीबोळात शिरते, शाळा दवाखाना बाग सगळ्यांची विचारपूस करते आणि भलामोठा वळसा मारून परत जागेवर येते. आणि मग त्याच माणसाची तक्रार असते की बसेस रिकाम्या फिरतायत, रस्ते गाड्यांनी तुंबलेत, बजेट वाढवून अजून बसेस टाकू का. नका टाकू. आधी लाईनचा आकार बघा.

माझ्या मते यात अर्धा दोष गेमच्या टूलचा आहे. लाईन काढताना एकेक स्टॉप क्लिक करत जायचं आणि शेवटी पहिल्या स्टॉपवर परत क्लिक केल्याशिवाय लाईन पूर्णच होत नाही, म्हणजे गेमच्या लेखी प्रत्येक लाईन बंद वर्तुळच असते. सरळ जाऊन-येऊन लाईन हवी असेल तर त्याच रस्त्याच्या समोरच्या बाजूने परत स्टॉप लावत यावं लागतं. याचा येतो कंटाळा. मग हात आपोआप पुढच्या चौकातून वळतो आणि दुसऱ्या रस्त्याने परत येतो, कारण तेवढ्याच क्लिकमध्ये दुप्पट एरिया झाला ना! नकाशावर पण काय छान दिसतं ते.

आता स्टॉपवर उभं राहून बघा. समजा लूपवर 10 स्टॉप आहेत, दोन स्टॉपमध्ये 1 मिनिट लागतं. तिसऱ्या स्टॉपपाशी राहणारा माणूस चौथ्या स्टॉपपाशी कामाला आहे, जाताना त्याला 1 मिनिट आणि घरी येताना 9, कारण बस एकाच दिशेने फिरते. हा शुद्ध द्राविडी प्राणायाम आहे आणि गेममधली माणसं, म्हणजे सिम्स, तो करत नाहीत, ते वेळेचा हिशोब करून रस्ता निवडतात, त्यामुळे चालत जातील नाहीतर सरळ गाडी काढतील. आणि गाडी काढायला त्यांना पार्किंगपर्यंत जायची पण गरज पडत नाही, ती खिशातून काढल्यासारखी कुठेही हजर होते, खेळणारे तिला पॉकेट कारच म्हणतात. म्हणजे तुमची बस अशा गाडीशी स्पर्धा करतेय जी कायम हाताशी आहे. तिथे 9 मिनिटांचा वळसा कोण घेणार?

तेच 10 स्टॉप एकाच रस्त्यावर समोरासमोर 5-5 लावले की एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जास्तीत जास्त 4 मिनिटं, दोन्ही दिशांना. बाजूच्या समांतर रस्त्यावरच्या लोकांना थोडं चालावं लागेल, चालू दे. सिम्स चालायला अजिबात कुरकुरत नाहीत, फक्त मधून पायवाटा काढून द्या, त्या स्वस्त असतात आणि अख्ख्या ब्लॉकला वळसा वाचतो. माझा तर आता नियमच आहे की नवीन वस्ती टाकताना आधी बसचा सरळ रस्ता ठरवायचा आणि मग त्याला येऊन मिळणाऱ्या पायवाटा, झोनिंग, म्हणजे कुठे घरं, कुठे दुकानं ते ठरवणं, त्याच्यानंतर.

गोल लाईनचा दुसरा त्रास म्हणजे तिला शेवटच नसतो. एक बस सिग्नलला अडकून उशीर झाला की पुढच्या स्टॉपवर तिच्यासाठी जास्त लोक जमलेले असतात, ते चढेपर्यंत अजून उशीर, मागची बस तोवर जवळ येते, तिला माणसंच मिळत नाहीत म्हणून ती पटापट सुटते आणि थोड्या वेळाने दोघी एकमेकींच्या शेपटीला. झूम करून बघा कधीतरी. गेममधल्या साध्या बसमध्ये 30 जण मावतात, पहिली बस 30 भरून घेते, बाकीचे खाली तसेच, आणि मागची बस भरेपर्यंत तिच्या मागे गाड्यांची रांग. खऱ्या जगात पण हे झालंय. लंडनच्या मेट्रोची सर्कल लाईन वर्षानुवर्षं खरंच गोल फिरायची, डिसेंबर 2009 मध्ये ती तोडून तिला पश्चिमेला हॅमरस्मिथचं टोक दिलं, कारण एकदा झालेला उशीर तसाच गोल गोल फिरत राहायचा, तो भरून काढायला थांबायची जागाच नव्हती. एवढ्या जुन्या नेटवर्कला जर हे करावं लागलं तर आपण कोण.

आता बसेस कमी पडतायत म्हणून बजेट वाढवलं की काय होतं ते पण सांगतो. नवीन बसेस डेपोतून एकामागोमाग एक निघतात, म्हणजे ज्या बसेस आधीच जथ्याने फिरतायत त्यात अजून एक जथा. डेपो लांब असेल तर त्या ट्रॅफिकमधून लाईनपर्यंत पोचेपर्यंत त्यांचीच ट्रॅफिक होते. म्हणून डेपो लाईनच्या जवळ ठेवा, गावाबाहेर स्वस्तातली जागा मिळाली म्हणून तिकडे नको.

बरं मग सगळीकडे पोचायचं कसं? ट्रान्सफरने. लोकांना वाटतं गाडी बदलायला लावली की सिम्स पळून जातील, तसं काही होत नाही, गाडी पटकन मिळाली तर ते आनंदाने बदलतात. बार्सिलोनाने 2012 ते 2018 मध्ये बसचं जाळं याच विचाराने नव्याने मांडलं, आडव्या लाईन्सना एच, उभ्यांना व्ही, तिरक्यांना डी. शहर जर चौकोनी ब्लॉकचं असेल तर उभ्या आणि आडव्या सरळ लाईन्स टाकल्या की कुठूनही कुठेही एका ट्रान्सफरमध्ये जाता येतं, लाईन्स कमी आणि बस मात्र सारखी येत राहते. मी माझ्या लाईन्सना तशीच नावं देतो, उभी 1, उभी 2, आडवी 1, आणि सगळ्या उभ्या एका रंगात, म्हणजे नकाशा उघडल्यावर कुठली लाईन वाट सोडून भटकतेय ते लगेच कळतं.

ट्रान्सफरच्या जागेवर मात्र वेळ घालवा, तिथे आळस नको. गेममधल्या मेट्रोच्या एका गाडीत 180 जण असतात, म्हणजे सहा बस भरतील एवढे लोक एकदम वर येतात. बसचा स्टॉप जर रस्त्याच्या पलीकडे असेल तर तो सगळा लोंढा झेब्रा क्रॉसिंगवरून जाणार आणि गाड्या त्यांच्यासाठी थांबून राहणार, बघता बघता मागचा हायवेचा रॅम्प भरतो आणि आपण उगाच सिग्नलला शिव्या घालत बसतो. बस स्टेशनच्या बाजूलाच थांबवा, ते जमत नसेल तर वरून पादचारी पूल टाका. आणि तीन मेट्रो लाईन्स एकाच ट्रॅकवर नका कोंबू, स्टेशनच्या आधी गाड्यांची रांग लागते, त्यापेक्षा वेगवेगळे ट्रॅक नेऊन एका ठिकाणी दोन स्टेशनं जवळजवळ ठेवलेली बरी. ट्रेनचं पण तेच, बाहेरगावच्या गाड्या आणि शहरातली लोकल यांचे ट्रॅक वेगळे. एवढंच, ट्रेनवर परत कधीतरी लिहीन.

गोल लाईन कधीच नको का, तर तसं नाही. शहर मोठं झालं, मध्यातून चारी दिशांना मेट्रो गेल्या की त्या सगळ्यांना छेदणारी बाहेरून एक रिंग कामाची असते, मध्याची गर्दी कमी होते. पण ती दोन्ही दिशांनी हवी, म्हणजे दोन लाईन्स, एक घड्याळाच्या दिशेने, दुसरी उलटी.

जुनी लाईन बदलायची असेल तर आधी पॉज करा, नवीन लाईन काढा, थोडा वेळ दोन्ही चालू द्या आणि मग जुनी उडवा, नाहीतर स्टॉपवर थांबलेले सगळे एकदम रस्त्यावर येतात. सध्या माझ्याकडे खाडीपलीकडच्या भागाचं कोडं आहे, तिथे ब्लॉक वाकडेतिकडे, एकच पूल, सरळ लाईन बसतच नाही. मास ट्रान्झिट या गेमच्या जोड-पॅकमधली फेरी बोट टाकून बघतोय, पण फेरी खूपच हळू जाते, बहुतेक ट्रामसाठी दुसरा पूल बांधावाच लागणार.