हौशी वैमानिकाने आयआर करावं का? माझा अनुभव

महिन्याला दोन-तीन तास उडणाऱ्याने इन्स्ट्रुमेंट रेटिंग (आयआर, म्हणजे बाहेरचं न दिसता फक्त उपकरणांवर उडण्याची परवानगी) जरूर करावं, पण त्याच्या भरवशावर गोव्याच्या पावसाळ्यात निघू नये, असं माझं मत झालं आहे.

पीआयसी (विमानाचा मुख्य वैमानिक) म्हणून 50 तास क्रॉस-कंट्री (एका ठिकाणाहून दुसरीकडे उड्डाण) आणि 40 तास इन्स्ट्रुमेंट टाइम (फक्त उपकरणं पाहून उडणं) लागतो. या 40 पैकी 20 तासांपर्यंत सिम्युलेटरवर चालतात. ते मी आधी उरकले. होल्डिंगची (उतरण्याची वाट पाहत घिरट्या घालण्याची) एन्ट्री, एका मिनिटाचा आउटबाउंड लेग (घिरटीतला दूर जाणारा टप्पा), वाऱ्याची दुरुस्ती हे शिकायला पेट्रोल जाळायची गरज नाही. विमानात हूड (बाहेरचं दिसू न देणारा टोप) चढवल्यावर कस लागतो तो स्कॅनचा, म्हणजे सगळ्या उपकरणांवरून नजर फिरती ठेवण्याचा. लोकलायझरची (धावपट्टीची मध्यरेषा दाखवणारी) सुई सरकली की नजर तिथेच खिळते, तेवढ्यात शंभर फूट उंची हातची जाते. 90 नॉट्सला 3 अंशांच्या ग्लाइडस्लोपवर (उतरण्याच्या तिरक्या मार्गावर) मिनिटाला साधारण 475 फूट उतरावं लागतं. तो आकडा आणि त्याचा आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे) पाठ असला की सुईमागे धावावं लागत नाही. व्हॅक्यूम पंप गेल्याचा सराव तर टाळूच नका. या पंपावर चालणारा अ‍ॅटिट्यूड इंडिकेटर (विमान किती कललंय ते दाखवणारं उपकरण) हळूहळू कलत जातो आणि आपणही नकळत विमान कलवत जातो. विजेवर चालणाऱ्या टर्न कोऑर्डिनेटरशी (वळण दाखवणाऱ्या उपकरणाशी) त्याचा मेळ बसेना, तर अ‍ॅटिट्यूड इंडिकेटर सरळ झाकून टाकावा.

जून ते सप्टेंबर ढग सड्यावर टेकतात. गोव्याच्या दोन विमानतळांपैकी मोपाचा सडा दाबोळीपेक्षा बराच उंच, म्हणून तोच ढग मोपाला जमिनीच्या जास्त जवळ असतो. पूर्वेला सह्याद्री 3 हजार फुटांच्या वर. थरांच्या ढगात लपलेला सीबी (गडगडाटी वादळी ढग) रडार नसलेल्या छोट्या विमानातून दिसत नाही. शिवाय दमट हवेत पॉवर कमी करून उतरताना, बाहेर 25 अंश असले तरी, कार्ब्युरेटरमध्ये बर्फ धरतो.

खरा उपयोग ऑक्टोबरनंतर. दृश्यमानता कायदेशीर 5 किलोमीटर असूनही धुरकट सकाळी समुद्रावर क्षितिज सापडत नाही, तेव्हा हे शिक्षण जीव वाचवतं. आपल्याकडे व्हीएफआर (बाहेर पाहून उडणं) सूर्यास्तानंतर 20 मिनिटांनी संपतं. परतायला उशीर झाला तर आयएफआर (उपकरणांवर उडण्याच्या) प्लॅनचा मार्ग उरतो, अर्थात विमान त्यासाठी सज्ज असेल तर.

रेटिंगची मुदत 12 महिने, स्कॅन मात्र काही आठवड्यांतच बोथट होतो. म्हणून दरमहा सेफ्टी पायलट (बाहेर लक्ष ठेवणारा दुसरा वैमानिक) घेऊन एक तास हूड: दोन आयएलएस (लोकलायझर आणि ग्लाइडस्लोप दोन्ही वापरून उतरणं), एक ग्लाइडस्लोपशिवाय. आयएलएसला 200 फुटांपर्यंत उतरता येतं, मी 800 फुटांखाली ढग असतील तर निघत नाही. सलग दोन महिने सराव चुकला, तर इन्स्ट्रक्टरसोबत उडेपर्यंत मी स्वतःला व्हीएफआर पायलटच धरतो.